वाऱ्याने काही पडलं नाही

निरोप सकाळीच आला. माझा धाकटा भाऊ नुमेरियस तिबूरला शेवटच्या घटका मोजत होता. त्याच्या मुलीने लिहिलं होतं, "काका, बाबा उद्याचा दिवस काढतील असं वाटत नाही. सारखं 'दादा आला का' विचारतात."

तिबूर रोमपासून वीस मैल. मी आकाशपिता ज्युपिटरचा पुजारी; या पुजाऱ्याने घोड्यावर बसायचं नाही आणि शहराबाहेर एकही रात्र काढायची नाही. चालत जाऊन त्याच संध्याकाळी परतणं माझ्या गुडघ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

"अहो, किती वेळा वाचाल?" माझी बायको सर्जिया म्हणाली. "अक्षरं बदलणार आहेत का?"

अक्षरांतच माझा जन्म गेला. जुन्या नियमांत सुटकेची एकच ओळ मला सापडली होती: बळी देताना पुजाऱ्याची टोपी पडली, तर त्याचं पद त्याच क्षणी जातं. मी भित्रा माणूस; म्हणूनच कदाचित मला निवडलं असेल. पण त्या दिवशी पौर्णिमेचा बळी होता. टेकडीवर उघड्या आभाळाखाली उभं राहताना मी हनुवटीखालचा पट्टा सैल केला, कोकरावर वाकलो आणि मान झटकली. निदान झटकली असं मला वाटतं.

टोपी फरशीवर पडली. बळीच्या वेळी वाजणारी बासरी थांबली.

मुख्य पुजारी क्विंटिलियस शांतपणे वाकला, टोपी उचलून झटकली आणि माझ्या डोक्यावर बसवली.

"वारा आहे आज," तो म्हणाला.

"पडली," मी म्हणालो. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"काय पडलं? अरे, कुणी काही पाहिलं का?"

"माझं लक्ष कोकरात होतं, महाराज," सुरा धरलेला माणूस म्हणाला.

"मी डोळे मिटून वाजवतो," बासरीवाला म्हणाला.

"पडली. मी पाहिली," माझ्या बाजूला उभी असलेली सर्जिया म्हणाली.

माझं पद गेलं की तिचं पुजारणीचं पदही जातं. तरी ती म्हणाली.

"वहिनी, नवऱ्यासाठी बायकोची साक्ष आम्ही धरत नाही." क्विंटिलियस माझ्या कानाशी आला. "गेल्या वर्षी ही जागा भरताना तुमच्याआधी चार घरं फिरलो. एकाने तर मला पाहून दाराला कडी घातली. या कामाला माणूस मिळत नाही हो. मरेपर्यंत राहा."

"आणि वर आहे तो? त्याने पाहिलं की!"

"तो बोलला तर ऐकू. बासरी सुरू होऊ द्या."

मी वर पाहिलं. ढगाचा ठिपकाही नव्हता. बळी पार पडला.

अंधाराआधी परतता येईल तेवढं तरी जावं म्हणून दुपारी आम्ही दोघं तिबूरच्या वाटेला लागलो. माझ्या नजरेला कुणाचं काम पडायचं नाही, म्हणून पुढे माझा भालदार "काम थांबवा, पुजारी येताहेत" असं ओरडत होता आणि रस्त्याकडेचे लोक हातातलं टाकून उभे राहत होते. चौथ्या मैलाच्या दगडापाशी तो थांबला.

"मालक, आता वळायला हवं. नाहीतर वेशीच्या बाहेरच अंधार होईल."

समोर तिबूरचे डोंगर निळे दिसत होते, अजून सोळा मैल.

"हाक मारा," सर्जिया म्हणाली.

"त्याला ऐकू जाईल?"

"नाही."

मी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. शेतातल्या एका बाईने मान वर करून पाहिलं. मग सर्जियाने माझं कोपर धरलं आणि आम्ही रोमकडे वळलो.