पुढच्या खेपेचा धडा

"कळ आली की खांदे वर न्यायचे नाहीत. सोडून द्यायचे. असे." मावशींनी समोर बसलेल्या गरोदर पोरीचे दोन्ही खांदे हलकेच खाली दाबले. "आता तोंडाने श्वास सोड. गरम चहावर फुंकर घालतेस ना, तशी."

"त्या वेळी चहा देणार आहेत का मला?" ती हसली. पलंगाच्या कडेला बसलेला तिचा नवराही हसला. तो बसवर ड्रायव्हर होता आणि दुपारच्या पाळीच्या आधी, खाकी कपड्यांतच शिकवणीला बसायचा.

"तुम्ही हसू नका. तुमचं काम कंबर दाबायचं. स्टेअरिंग धरल्यासारखं नाही, मुठीने, जोर लावून."

मावशींचं निम्मं आयुष्य प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेलं होतं. काय होणार आहे हेच ठाऊक नसलेल्या पोरी तिथे यायच्या, ओरडायच्या आणि वर बोलणी खायच्या. मोठ्या दवाखान्यांत बाळंतपणाच्या तयारीचे वर्ग चालत, पण ते अशा घरांच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून निवृत्त झाल्यावर मावशी घरोघर जाऊ लागल्या. एका वेळी एकच जोडपं, आणि पैसे ज्याला जमतील तसे.

"आता धोक्याच्या खुणा सांगते," मावशी म्हणाल्या. "काय झालं तर थांबायचं नाही, ते."

"ते नको हो!" स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "अशा दिवसांत असलं अभद्र कशाला बोलायचं? एवढे दिवस चांगलं शिकवताय की."

सासूबाई वाईट नव्हत्या. सुनेला सकाळी उठून पहिला चहा त्याच करून द्यायच्या. मावशींनी सुनेकडे पाहिलं. तिनेही मान खाली घातली.

"बरं. पुढच्या खेपेला," मावशी म्हणाल्या.

मावशी निघाल्या तेव्हा तिने पाणी आणून दिलं. पेला घेताना मावशींना तिची बोटं दिसली. सुजून तुकतुकीत झाली होती.

"अंगठी कुठे गेली गं?"

"रुतायला लागली, म्हणून काढून ठेवली."

"तपासणी कधी आहे?"

"सोमवारी."

"चुकवू नकोस हं."

बसथांब्यापर्यंत गेल्यावर मावशी थांबल्या. शेवटच्या महिन्यांत हात सुजलेल्या कितीतरी बायका त्यांनी धडधाकट घरी जाताना पाहिल्या होत्या. तरीही काहीतरी खुपत होतं. परत जावं, म्हणून त्या वळल्यासुद्धा. तेवढ्यात बस आली आणि त्या चढल्या.

पुढच्या खेपेला गेल्या तेव्हा दार नुसतंच लोटलेलं होतं. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. मशीनवर एक बाही अर्धवट टाके घातलेली तशीच पडली होती. आतल्या खोलीत भरदुपारी पडदे ओढलेले.

"उजेड सहन होत नाहीये, मावशी." ती कपाळावर हात धरून पडली होती. "सकाळपासून डोकं नुसतं फुटतंय."

"झोप झाली नाही तिची," सासूबाई म्हणाल्या. "शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचेत. पडली घटकाभर की उतरेल."

"सोमवारी गेली होतीस?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "एवढे संपवून जाणार होते."

"डोळ्यांपुढे काही दिसतंय?"

"काजवे. आणि इथे दुखतंय." तिने बरगडीखाली हात ठेवला. "पित्तच असेल ना?"

मावशींनी आवाज होता तसाच ठेवला. "ऊठ बाळा. चपला घाल. आपण निघतोय."

"अहो, दिवस भरायचेत अजून," सासूबाई म्हणाल्या. "उगाच घाबरवू नका तिला."

"तिला नाही घाबरवत. मीच घाबरलेय."

सासूबाईंनी मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या टॅक्सी आणायला धावल्या.

टॅक्सीत तिने मावशींच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तो राहिलेला धडा आज घेणार होतात ना?"

"घेऊ. आधी पोचू या."

"सांगा ना. म्हणजे लक्ष लागेल कशात तरी."

मावशी काही सांगणार, तोच त्यांच्या हातातला तिचा हात ताठ झाला. मग सगळं अंगच लाकडासारखं कडक झालं आणि झटके सुरू झाले. मावशींनी तिला कुशीवर वळवून धरलं. पुढे बसलेल्या सासूबाई ड्रायव्हरला "चला, चला" एवढंच म्हणत राहिल्या, गाडी पळतच होती तरी.

दवाखान्यात कोणी कसर ठेवली नाही. ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. ती लहानशी होती, पण रडली. रक्तदाब चढून आईच्या मेंदूत मात्र रक्तस्राव झाला होता.

नवरा बस डेपोत लावून धावत आला. काचेतून बघत त्याने मावशींना विचारलं, "श्वास नीट घेतेय ना ती? तुम्ही शिकवलात तसा?"

"मशीन घेतंय," मावशी म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

बाहेर बाकावर सासूबाई पदराची कड चोळत बसल्या होत्या. "मीच नको म्हटलं त्या दिवशी."

"आणि मी ऐकलं," मावशी म्हणाल्या.

दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या. मशीन बंद करावं लागलं तेव्हाही तिथेच होत्या.

त्यानंतर मावशींनी शिकवण्या थांबवल्या. दोघे-तिघे विचारायला आले, त्यांना गुडघे दुखतात असं सांगून परत पाठवलं.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी तिचा नवरा दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, पण कपडे इस्त्रीचे.

"मावशी, आमचे तास राहिलेत."

मावशींनी दार पूर्ण उघडलं.

"पोरीला आता घरी आणलंय. माझी आई अंघोळ घालायला बसते, पण तिला धीर होत नाही. मला शिकवा."

मावशींनी पिशवी घेतली.

घरी सासूबाईंनी टब आणि टॉवेल तयार ठेवला होता आणि त्या दुधाची बाटली उकळायला आत गेल्या होत्या. मावशींनी त्याला बाह्या वर सारायला लावल्या. "पाणी हाताने बघायचं नाही. आपले हात राठ असतात. कोपर बुडवून बघायचं."

त्याने कोपर बुडवलं. मग सवयीने मागे मान वळवून विचारलं, "अगं, गरम तर नाही ना?"

मागे कोणी नव्हतं. तो तसाच ओणवा राहिला, कोपर पाण्यात धरून.

मावशी शेजारी टेकल्या, आपलं कोपर त्याच्या कोपराशेजारी पाण्यात घातलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. घ्या तिला."