सैल पिन
लेकीच्या मानेचा मणका मोडला तेव्हा डॉक्टरांनी तिच्या डोक्याभोवती धातूचं कडं बसवलं. चार पिना कवटीच्या हाडात रुतवलेल्या. कड्यापासून निघालेले दांडे छातीवरच्या कडक जाकिटात पक्के केलेले. हाड जुळेपर्यंत मान केसभरही हलायची नव्हती. हलली तर हातपाय जायचे, कदाचित श्वासही.

"अँटेना लावलीय," ती म्हणायची, "पण चॅनल एकच. दुखण्याचं."

बाप लिफ्टचा फिटर. कडं निरखून म्हणाला, "काम सफाईचं आहे हं."

काही आठवड्यांनी डाव्या भुवईवरच्या पिनेपाशी पिवळट पाणी झिरपू लागलं. आई खपल्या पुसायची, तरी रोज नव्या धरायच्या. मग लेकीला कवटीत करकर ऐकू येऊ लागली.

"बाबा, पिन ढिली झालीय. घास चावला तरी वाजते."

"उद्या दाखवू."

"उद्या सुट्टी आहे त्यांची. तोवर मान सरकली तर? एवढी लिफ्ट टांगता, एक पिन आवळता येईना?"

"डोकं आहे ते, मोटार नव्हे," आई म्हणाली.

पण लेकीला रडायचीही चोरी होती. हुंदक्याने कडं हलायचं. बापाने पाना उकळला, हात धुतले. पिन थोडा वेळ नुसतीच फिरली, लोण्यात फिरावी तशी. मग घट्ट पकड लागली. करकर थांबली.

"बघ, झालं!"

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. उलट्या झाल्या. पाणी हवं असताना ती "खिडकी, खिडकी" म्हणू लागली.

"पिनेभोवतीचं हाड पू होऊन कुजलं होतं," डॉक्टर म्हणाले. "अशी पिन आवळत नाहीत. काढून दुसरीकडे लावतात. कोणी आवळली?"

"मी. पकड चांगली लागली होती, साहेब."

"ती कवटीच्या आतल्या थराला. तोही फुटलाय. पलीकडे मेंदूच, तिथे गळू झालंय."

"आणि मान?"

"जुळलेली नाही. ती पिन ठेवता येत नाही, आणि पू कपाळाच्या हाडात पसरलाय, कडं धरून ठेवायला तिथे दुसरं धड हाड उरलेलं नाही. गळूचं ऑपरेशन मात्र आजच करावं लागेल."

"म्हणजे मान न धरता?"

डॉक्टरांनी संमतीचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

बाप आत गेला. लेकीने त्याला ओळखलं. ओठ जुळवले, उघडले, पुन्हा जुळवले. हाक काही सापडेना. ती जोर लावू लागली तशी दांडे थरथरले.

"राहू दे गं," तो म्हणाला. "नको बोलूस. मान हलेल."