मॅक्सीची पिशवी आणि एक बोरन्हाण

बोलतेय ती मी, एक मॅक्सी. निम्मीच. गळा आणि बाह्या कधीच लादी पुसण्यात संपल्या. घेर उरला, त्याची पिशवी शिवली. त्या पिशवीत एक जीव वाढत होता. तो मेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी गोड होईल म्हणून कुणी वाट बघत बसणार नाही.

दहिसर स्टेशनबाहेरच्या ठेल्यावर मी हँगरला लटकत होते. फिकट निळी, बारीक पांढरी फुलं, शुद्ध कॉटन. शेवंती घाडीगावकरने मला दोनदा उचललं, दोनदा नाक मुरडून परत ठेवलं आणि तिसऱ्यांदा काखेत मारून घरी नेलं.

आमच्या बिल्डिंगमधल्या बाया मॅक्सीतच जगतात. स्वयंपाक मॅक्सीत, झोप मॅक्सीत, पाण्यावरून भांडण मॅक्सीत. खाली भाजीवाला ओरडला की खांद्यावर ओढणी टाकायची, झाला बाहेरचा ड्रेस. शेवंती घरी बसून साड्यांना फॉल-बिडिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या भारी साड्या तिच्या मांडीवर, म्हणजे माझ्यावर, पडलेल्या असायच्या. धुऊन धुऊन मी इतकी मऊ झाले की काही वर्षांनी माझ्या आरपार दिसायला लागलं. तरी टाकलं नाही. या घरात वस्तू टाकत नाहीत. माणसांचं काय करायचं ते मात्र कुणाला कळत नाही.

निधी ही शेवंतीची एकुलती एक मुलगी. फार्मसीचं कॉलेज तिने दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं, हे तिला कुणी विचारलं नाही. वडिलांनी, चंद्रप्रकाशने, टीव्हीचा आवाज वाढवला. शेवंती वर्षभर जिन्यात सांगत राहिली, "परीक्षा आहे तिची." कसली परीक्षा, कुठली परीक्षा! निधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये कामाला लागली होती आणि घरी आली की दार लावून गप्प बसायची.

तिथूनच तिने एक केंद्र शोधून काढलं. ऑस्ट्रेलियात, पर्थच्या बाहेर. तिथल्या रानातली जखमी आणि पोरकी जनावरं सांभाळतात, बरी करतात आणि परत रानात सोडतात. गाडीखाली आई गेली की कांगारूची पिल्लं मागे उरतात, ती बरीच. मदतीला कुणीही या, राहायला-जेवायला देऊ, पगार नाही. निधीने पैसे साठवून तिकीट काढलं आणि मग घरी सांगितलं.

वरच्या मजल्यावर राहणारे राजारामकाका, चंद्रप्रकाशचे थोरले भाऊ आणि सोसायटीचे सेक्रेटरी, खाली आले. पोट धरून हसले.

"अगो, शेणच काढूचा तर कणकवलीक आपलो गोठो काय वायट आसा?"

व्हिसा आल्यावर याच काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, की आमच्या पुतणीची ऑस्ट्रेलियात प्राण्यांची डॉक्टर म्हणून निवड झाली.

"काका, मी डॉक्टर नाही."

"गप रव. लोकांक काय समजता?"

केंद्राने येताना सुती पिशव्या आणायला सांगितलं होतं, पिल्लांना झोपायला. आईच्या पोटाच्या पिशवीऐवजी ही. कापड जुनं, मऊ हवं. शेवंतीने मला कापलं आणि मशीनवर घेतलं.

"शिवण बाहेरच्या अंगाला ठेव," निधी म्हणाली. "आत धागे राहिले तर त्याची नखं अडकतात."

"उलटी शिवण? तिकडचे लोक म्हणतील, हिच्या आईला साधं शिवता येत नाही."

"तिकडे कांगारू झोपणारे त्यात."

"म्हणून काय झालं?"

तिने सुलटीच शिवली, वर काठाला झालर लावली. निधीने पर्थला पोचल्या पोचल्या मला उलटी केली आणि झालर उसवून टाकली.

केंद्र मॉरीन नावाची एक म्हातारी चालवत होती. कमी बोलायची. पिल्लांच्या खोलीचे नियम तिने पहिल्याच सकाळी सांगितले. आत बोलायचं नाही. फोन बाहेर ठेवायचा. पिल्लाला नाव ठेवायचं नाही, कुरवाळायचं नाही. दूध पाजायचं, साफ करायचं, निघायचं. माणसाचा लळा लागला तर उद्या ते रानातून माणसाकडे चालत येईल, आणि प्रत्येक माणूस काही दुधाची बाटली घेऊन उभा नसतो. आणि मोठा आवाज अजिबात नको. हे जनावर भीतीने मरतं, तिने सांगितलं. घाबरून धडपडलं की स्नायू आतल्या आत जळतात, लघवी काळपट होते. वरून धड दिसतं आणि दोन-चार दिवसांत जातं.

मग एक पिल्लू माझ्यात आलं. आधी डोकं घातलं, आत कोलांटी मारली आणि मग लांबलचक पाय जमेल तिथे कोंबले. थरथरत होतं. थोड्या वेळाने थांबलं. मला काही वाटलं, असं नाही. कापडाला वाटत नसतं. वजन कळतं, ऊब कळते, ओल कळते. बस.

निधी या कामात चांगली निघाली. घरी सगळे तिला म्हणायचे, बोल ना काहीतरी, थोबाड शिवलंय का? इथे तिचं गप्प बसणं पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येत होतं. ती यायची, बाटली लावायची, तोंड दुसरीकडे करायची. पिल्लू दूध प्यायचं, कान हलवायचं, झोपायचं. महिन्याभरात ते माझ्यातून बाहेर येऊन खोलीत उड्या मारायला लागलं. मॉरीन दारातून बघत होती. म्हणाली, "आता बाहेरच्या कुंपणात, मग रानात. फाटक तू उघड." निधी त्या दिवशी जेवताना एकटीच हसत होती.

रोज संध्याकाळी ती अंगणात जाऊन घरी फोन करायची. रोज तेच.

"दाखव ना गं पिल्लू."

"नाही, आई."

"लांबून."

"नाही."

मग संक्रांत आली. शेवंतीकडे हळदीकुंकू होतं. फोन आला तेव्हा निधीच्या हातात दुधाची बाटली होती आणि धुतलेली म्हणून मी तिच्या खांद्यावर.

"निधी, पाच मिनिटं. बायका खोळंबल्यात. मी सगळ्यांना सांगून बसलेय."

"तिथे फोन नेत नाहीत, आई. कितीदा सांगू?"

"ती मॉरीन का फॉरीन काय दारात बसलीये?"

"प्रश्न तिचा नाहीये."

"मग माझा कर ना विचार! तू कॉलेज सोडलंस तेव्हा जिन्यात या बायकांना तोंड कोणी दिलं? तू दार लावून बसलीस. मी दिलं. आज पहिल्यांदा कौतुक करायला आल्यात गं त्या. आणि तू मला तोंडावर पाडतेस?"

निधीने फोनचा आवाज अगदी खाली आणला. खोलीत आली. मला खुंटीला अडकवलं, पिल्लू कोलांटी मारून आत शिरलं आणि त्याने तोंड तेवढं बाहेर काढलं. निधीने फोन त्याच्यासमोर धरला.

फोनमधून बारीक बारीक आवाज येत होते.

"अय्या, कान बघ!"

"गाढवासारखं आहे गं."

"शेवंतीवहिनी, ही तुमची निळी मॅक्सी ना? काय गं बाई, कांगारूला मॅक्सी!"

हसू. मग समोरच्या घरातली वनमाला, "पण तुमची पोर भारी निघाली हं. आमची बघा, मांजराला हात लावत नाही. ही आईविना लेकरं वाढवतेय."

निधीने हे नीट ऐकू यावं म्हणून आवाज दोन घरं वाढवला. आपल्याबद्दल कुणी बरं बोललेलं ऐकायची तिला सवय नव्हती.

"हिला काय, पहिल्यापासून माया आहे," शेवंती म्हणाली. असं ती घरात कधी म्हणाली नव्हती. निधीने आवाज आणखी वाढवला.

"अगं, पण एवढंसं आहे!" वनमाला ओरडली. "पहिली संक्रांत ना ह्याची? मग बोरन्हाण नको? ठेवा तो फोन पाटावर. आण गं ती परात!"

"आई, नको," निधी कुजबुजली. "आई, थांबव त्यांना."

"काय? ऐकू येत नाही गं!"

आणि त्यांनी परात ओतली. बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे, चॉकलेटं, सगळं फोनवर. पोरं वेचायला तुटून पडली, बायका ओरडल्या, कुणीतरी परात वाजवली. तिकडे ते बाळाचं कौतुक होतं. इकडे त्या बंद खोलीत पत्र्यावर दगडांचा पाऊस पडला.

पिल्लू माझ्यातून सुटलं. भिंतीवर आदळलं, जाळीवर आदळलं, परत भिंतीवर. निधीने फोन दाराबाहेर भिरकावला. अंगणातूनही तो हॅलो हॅलो करत होता. बऱ्याच वेळाने पिल्लू माझ्यात परत आलं. सकाळी दूध प्यायलं. निधीने मॉरीनला काही सांगितलं नाही. ठीक दिसतंय ना, मग कशाला.

दुसऱ्या रात्री मी ओली झाले. ओल मला सगळ्यात आधी कळते. नेहमीची नव्हती. गडद होती, कोऱ्या चहासारखी. सकाळी निधीने मला उजेडात धरलं. पिल्लाचे मागचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते.

ती मला घेऊन मॉरीनकडे गेली. मॉरीनने डाग बघितला.

"फोन होता?"

"हो."

"आवाज?"

"हो."

एवढंच. डॉक्टर आला, त्याने कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं. पिल्लू माझ्यातच होतं. ऊब आधी गेली, वजन राहिलं. मग वजनही उचलून नेलं.

मॉरीनने निधीला हाकललं नाही. खोलीत जायचं बंद केलं आणि धुण्याला लावलं. उरलेले सगळे दिवस निधी पिशव्या धूत होती. मॉरीन ओरडली असती तर बरं झालं असतं, शिव्या खायची निधीला घरची सवय होती. तिथे कुणी काहीच बोललं नाही. तीही रडली नाही. धुवायची, पिळायची, वाळत घालायची.

परत आलो तेव्हा विमानतळावर राजारामकाका हार घेऊन उभे. "हास गो जरा, फोटो काढतंय." तिने दात दाखवले. ग्रुपवर फोटो पडला.

घरी शेवंतीने बॅग उपसली. मी हाताला लागले तशी खूश झाली. मग डाग दिसला.

"चहा सांडलास?"

"मूत आहे."

"शी! असलं असतं?"

"भीतीने होतं तसं. मेलं ते, आई."

शेवंतीने मला बादलीत टाकलं. "कधी?"

"संक्रांतीनंतर दोन दिवसांनी. बोरन्हाणाने."

ती ब्रशने घासायला लागली. खूप घासलं. "एवढ्याशा आवाजाने कोण मरतं?" मग थोड्या वेळाने, "आम्ही कौतुकच केलं ना गं त्याचं."

"हो."

"वनमालाला नको सांगूस. तिला वाईट वाटेल."

"तिला?"

शेवंतीने नळ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी ती मला दाराबाहेरच्या दोरीवर वाळत घालत होती, निधी चप्पल घालत होती, मेडिकलमध्ये निघाली होती. समोरचं दार उघडलं.

"काय गं निधी, आमचं बाळ काय म्हणतंय?"

"सोडलं हो जंगलात," शेवंती घाईने म्हणाली. "मोठं झालं."

"मेलं, काकू," निधी म्हणाली. "फोनमधून परात ओतलेली ऐकली, त्याला घाबरून."

वनमालाने शेवंतीकडे बघितलं. शेवंतीने माझ्यावरचा चिमटा काढला, परत लावला.

"झोप झालेली नाहीये तिची. काहीही बोलते."

निधी जिना उतरून गेली. तेव्हापासून ती आईशी बोललेली नाही. भांडणही नाही. ताट वाढलं तर जेवते. चंद्रप्रकाश टीव्ही बघतो. बिल्डिंगमध्ये पिल्लू जंगलात सुखाने नांदतंय. राजारामकाका सोसायटीच्या पूजेला येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची उंचीसुद्धा सांगतात.

एकदा दुपारी घरात कुणी नव्हतं. शेवंतीने फॉलचं काम बाजूला ठेवलं, मला मांडीवर घेतलं आणि हात आत घातला. पार तळापर्यंत, कोपऱ्यांत चाचपून बघितलं. बराच वेळ हात तसाच ठेवला. माफी होती, पश्चात्ताप होता, का नुसता शिवणीचा अंदाज घेत होती, मला ठाऊक नाही. कुकरची शिट्टी झाली तशी उठली. निधीला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण ही मोठी माणसं, खोटं बोलायला चारचौघांत येतात आणि खरं वागायला घर रिकामं व्हायची वाट बघतात.

आता मी बाथरूमच्या दारामागे खिळ्याला आहे. डाग गेलेला नाही. निधी मला बघत नाही, शेवंती मला टाकत नाही. वापरतही कुणी नाही. परवा वनमाला विचारत होती, चांगलं मऊ कापड आहे, माझ्या नातवाला दुपट्याला देता का?

देऊ नका. फाडा मला, चार तुकडे करा, ओटा पुसा, सायकल पुसा, काहीही पुसा. फडक्यात कुणी झोपायला येत नाही.