मैनाची पानं

रूपराव इतका हसला की त्याच्या हातातली तेलाची वाटी कलंडली आणि बापूरावांच्या खाटेखाली तेलाचा ओघळ गेला. सुलोचना वाचायची थांबली.

"थांबू नको, सूनबाई," बापूराव म्हणाले. "तो खोकल्याचा भाग अजून एकडाव वाच. रूपरावाले आवडला."

तिनं मागच्या ओळीवर बोट नेलं. कादंबरीतला म्हातारा शेठ माणकोजी खोकत होता आणि त्याचा भाचा चिमणाजी उशाशी बसून सांगत होता, की असा भारदस्त खोकला साऱ्या चंदनपुरात दुसऱ्या कोणाला जमायचा नाही. मामांचा खोकला ऐकला म्हणजे घर भरल्यासारखं वाटतं. रूपराव पुन्हा हसला. दारात सूप घेऊन तूर निवडत बसलेली कुंताबाई तोंडाला पदर लावून हसली.

"कसा लाळघोट्या माणूस हाये," रूपराव डोळे पुसत म्हणाला, आणि वाकून काकांच्या टाचा पुन्हा चोळू लागला.

बापूरावांचे डोळे आढ्याकडे होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडल्यापासून त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत असे. ते हसले नाहीत. ओठाचा एक कोपरा तेवढा हलला, आणि तो सुलोचनालाच दिसला.

बापूरावांनी उभी हयात आर्वीच्या कोर्टात वकिली केली आणि त्या कमाईतून कारंज्याला संत्र्याचा बगीचा घेतला. बगीचा वडिलोपार्जित नव्हता, त्यामुळे तो कोणाला द्यायचा हे त्यांच्या एकट्याच्या मनावर होतं. त्यांचा एकुलता मुलगा, सुलोचनाचा नवरा, बगीच्यात विहीर खोदून पाणी लागलं त्याच वर्षी तापानं गेला. तेव्हापासून घर सुलोचनानं सांभाळलं. तिची मुलगी गोपिका वर्ध्याला मामाकडे राहून शिकत होती. म्हाताऱ्याचे डोळे गेल्याची बातमी पसरली तशी नाचणगावात दिलेली मुलगी कुंताबाई 'बाबांच्या सेवेले' म्हणून आली ती परत गेलीच नाही. संत्र्यांचे ट्रक भरून नागपूरला पाठवण्याचं काम पुतण्या रूपराव आधीपासून बघत होता. आता तो रोज दुपारी पाय चोळायलाही येऊ लागला.

डोळे गेल्यावर सुलोचनानं विचारलं होतं, एखादी पोथी वाचून दाखवू का. बापूरावांनी मान हलवली होती.

"पोथीतले लोकं लय चांगले असतात. चांगल्याचं आयकलं का मले झोप येते. कपाटात तीन जाडे भाग हायेत पाय, एकाच कादंबरीचे. ते काढ."

कादंबरी मुळात विलायतेतली, शंभर वर्षांपूर्वीची. कोण्या हौशी मास्तरानं ती मराठीत आणताना गावं आणि माणसं देशी करून टाकली होती. पण माणसांचा स्वभाव काही त्यानं बदलला नव्हता. पानामागून पान उलटावं तरी प्रेम करावं असं कोणी भेटत नव्हतं. शेठ माणकोजी कंजूष आणि दुष्ट. भाचा चिमणाजी लोचट. मुलगी अंबूताई बापासमोर रडायची आणि वळली की चांदीची भांडी बोटांवर मोजायची. लिहिणारा सगळ्यांना सारखाच सोलत होता.

रोज दुपारचा चहा झाला की वाचन सुरू व्हायचं. रूपराव आणि कुंताबाई यांनी बसलंच पाहिजे असा बापूरावांचा हट्ट होता, आणि त्यांचा हट्ट त्या दोघांना त्या दिवसांत देवाच्या कौलासारखा होता. अंबूताई भांडी मोजू लागली की कुंताबाई म्हणायची, "पोटची पोरगी असून कशी वागते." सुलोचना मान खाली घालून वाचत राहायची. चिमणाजीचं बोलणं ती हळूच रूपरावाच्या ढंगात वाचायला लागली होती. हे करताना तिला बरं वाटायचं. दिवसभराच्या कामात तेवढंच एक बरं वाटण्यासारखं होतं.

पहिला भाग संपत आला आणि कादंबरीत मैना आली.

सुलोचना पुढचं प्रकरण सकाळीच डोळ्यांखालून घालून ठेवायची, म्हणजे वाचताना अडायला नको. विहिरीवर कपडे वाळत टाकून ती सावलीत बसली आणि तिनं ते प्रकरण वाचलं. मग पुस्तक मिटून बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मैना ही शेठची विधवा सून होती.

त्या दुपारी वाचताना तिनं ती पानं अंगठ्याखाली दाबून एकदम उलटली. आवाज जराही हलला नाही. पुढेही जिथे जिथे मैना दारात येई, तिथे सुलोचना तिला दाराबाहेरच ठेवी आणि पुढच्या प्रसंगाला लागे. गोष्ट थोडी तुटायची. ऐकणाऱ्या दोघांच्या ध्यानात आलं नाही. त्यांचं लक्ष गोष्टीवर नव्हतंच.

थंडी ओसरत असताना एका दुपारी रूपराव ट्रक भरण्याच्या गडबडीत होता आणि कुंताबाई हळदीकुंकवाला गेली होती. सुलोचनानं पेज आणून खाटेशी ठेवली. बापूरावांनी विचारलं,

"मैना कुठं गेली, सूनबाई?"

तिनं वाटी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"मी नागपूरले कॉलेजात होतो तवा इंग्रजीत वाचली ही कादंबरी," ते सावकाश म्हणाले. "एक सून हाये तिच्यात. आपल्या मराठी मास्तरानं तिचं नाव मैना ठेवलं. कपाटात भाग ठेवताना म्या पाह्यलं होतं. रूपराव आपल्या पानावर हसला. कुंता आपल्या पानावर हसली. तुले तुयं पान ओळखू आलं म्हणून तू ते गाळलं. हुशार हायेस तू. आण पुस्तक."

तिनं पुस्तक आणलं.

"वाच."

ती वाचू लागली. "मैना सासऱ्याची पेज गाळून नेई, तेव्हा वाटी हातात देण्याआधी ती क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघे. कालच्यापेक्षा तो आज किती उतरला, हे घरात सर्वांआधी तिला कळे. या बघण्याला चंदनपुरातले लोक माया म्हणत, आणि त्यांना लेकी-सुनांपुढे तिचं उदाहरण द्यायला आवडे."

खालच्या ओळीशी ती थांबली. बाहेर रस्त्यानं ट्रक गेला. 

"बरोबर लिवलं हाये?" बापूरावांनी विचारलं.

"थोडं."

"किती थोडं?"

तिनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं. इतकी वर्षं घरात वावरताना ती जे बोलली नव्हती ते आता कसं कोण जाणे, सहज तोंडातून आलं.

"मामाजी, विहिरीजवळचा तुकडा मले पाह्यजे. गोपिकेच्या नावानं करून द्या. तिच्या बापानं ती विहीर खोदली. मी आजवर मागतलं नाई."

बापूरावांनी हात पुढे केला. तिनं पेजेची वाटी त्यात दिली. ते सगळी पेज प्याले, ओठ पुसले, आणि कोर्टात साक्षीदाराशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाले,

"तुले शेवट माहीत नाई म्हणून सांगतो. मैना शेवटपर्यंत काई मागत नाई. एक शब्द नाई. म्हणून मरताना तो शेठ सारं तिच्या नावानं करते. बाकीचे बसतात बोंबलत."

सुलोचनानं रिकामी वाटी त्यांच्या हातून घेतली.

"मंग आता?"

"आता काय? मले आजकाल आयकूबी कमी येते. तू काई बोलली असशीन तं म्या आयकलं नाई."

त्या संध्याकाळी तिनं पेज नेहमीपेक्षा निगुतीनं गाळली. गाळता गाळता आपण ती निगुतीनं गाळतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. तरी तिनं हात थांबवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती मैनाची पानंही वाचू लागली. रूपराव म्हणाला, "ही नवीनच निंगाली," आणि कान देऊन ऐकू लागला. मैना सासऱ्याच्या श्वासाला कान लावून दाराआड उभी राहिली तेव्हा कुंताबाई हसली. या वेळी तोंडाला पदर न लावता, सुलोचनाकडे सरळ बघून हसली. "अशाच असतात गुपचूप बसणाऱ्या," ती म्हणाली. सुलोचनानं पान उलटलं. हसू दे. शेवट तिला ठाऊक होता.

उन्हाळ्यात वर्ध्याहून भावाचा निरोप आला. ट्रकवाला नत्थू ड्रायव्हर तो घेऊन दारात उभा राहिला. बायांना मास्तरीण व्हायचं शिकवणाऱ्या वर्गात एक जागा होती. भाऊ म्हणत होता, जूनच्या आत ये, पोरीजवळ राहशील, आपल्या पायावर उभी होशील. ही जागा मिळावी म्हणून सुलोचनानंच मागे कधी त्याच्या पाठीस लागून त्याला भंडावून सोडलं होतं.

"काय सांगू?" नत्थूनं विचारलं.

"सांगजो, मामाजींची तब्येत बरी नाई. मले निंगता येत नाई."

आतून बापूरावांची हाक आली. का कोण जाणे, आवाज खुशीत होता.

पाऊस सुरू झाला, वर्ग सुरू झाला, आणि तिसरा भागही संपत आला. शेवटची थोडी पानं उरली होती. शेठ माणकोजी अंथरुणाला खिळला होता आणि वकिलाला बोलावणं गेलं होतं. सुलोचनानं उद्याच्या प्रकरणाशी खूण घातली, तेव्हा बापूराव म्हणाले,

"पुरे झालं हे. उद्यापासून पयला भाग काढजो. पयल्यापासून वाचू."

"थोडंच राह्यलं, मामाजी. शेवट राह्यला."

"शेवट मले माहीत हाये."

"काकाजी बरोबर म्हणतात," रूपराव म्हणाला. "पयला भागच मजेदार. तो खोकला अन् ते सारं."

सुलोचनानं पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. पण सकाळी पावसानं उघडीप दिली तशी ती धुणं घेऊन विहिरीवर गेली आणि धुण्यात गुंडाळून नेलेला तिसरा भाग तिनं काढला. कपडे पिळायचे तसेच राहिले. ती वाचत गेली, पुन्हा दोन पानं मागे आली, पुन्हा वाचलं. मग विहिरीच्या कठड्यावर हात टेकून बसली. पाणी चांगलं वर आलं होतं. त्यात तिचं तोंड दिसत होतं, पण ती तिकडे बघत नव्हती.

घरी परतताना रस्त्यावर नत्थूचा ट्रक उभा होता. ती त्याच्याजवळ गेली.

"वर्ध्याले कवा जातं?"

"उद्या सकाळी. पण बाई, थे जागा तं भरली. तुमचे भाऊच सांगत होते."

"भरू दे. मी येतो म्हणून सांगजो."

दुपारी चहा झाला. रूपराव तेलाची वाटी घेऊन पायाशी बसला, कुंताबाई दारात टेकली. सुलोचनानं पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य वाचलं. शेठ माणकोजीचं प्रेत अजून अंगणात होतं, आणि ओसरीवर वकील मृत्युपत्राचा लखोटा फोडत होता.

बापूरावांची मान वळली. त्यांनी तोंड उघडलं. थांबवायचं तर का थांबवायचं हे सांगावं लागलं असतं, आणि रूपराव आता पाय चोळायचं विसरून ऐकत होता. त्यांनी तोंड मिटलं.

तिनं सगळं वाचलं. कुठेही घाई केली नाही, कोणाच्या आवाजाची नक्कल केली नाही. शेठनं आपली सारी दौलत चंदनपुरात घड्याळाचा मनोरा बांधण्यासाठी ठेवली होती, वर आपलं नाव कोरावं म्हणून. भाच्याला हातातली काठी मिळाली. मुलीला आपली तसबीर. मृत्युपत्रात मैनाचं नाव नव्हतं, आणि ते राहून गेलं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण तिनं कधी काही मागितलं नव्हतं. पुढे ती चिमणाजीच्या घरी भांडी घासू लागली, आणि गावातले लोक लेकी-सुनांना अजूनही तिचं उदाहरण देत.

पुस्तक संपलं. तिनं ते मिटून खाटेच्या पायथ्याशी ठेवलं.

या वेळी कोणी हसलं नाही.

"निस्ती काठी?" शेवटी रूपराव म्हणाला. "इतकी सेवा करून?" त्यानं काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्यांच्या तेलकट टाचेकडे, आणि आपले हात धोतराला पुसले. कुंताबाईच्या सुपातली तूर तशीच पडून होती. ती बापाकडे अशी बघत होती की जणू हा माणूस तिला आजच भेटला.

बापूरावांचे पांढरे डोळे आवाज शोधत इकडून तिकडे फिरत होते. पण आवाज कुठून येतच नव्हता.

"सूनबाई," ते म्हणाले, "पाणी."

सुलोचना जागची हलली नाही. त्यांनी थोडं थांबून पुन्हा म्हटलं, या खेपेस कोणाला हाक न मारता. रूपरावानं कुंताबाईकडे पाहिलं. कुंताबाईनं सुलोचनाकडे पाहिलं, आणि शेवटी सूप बाजूला सारून गुडघ्यावर हात टेकत उठली. आत भांड्यांचा आवाज झाला, बंद झाला. मग ती माजघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, बाबांचा गडवा कोणता?"

"कोणताबी चालते," सुलोचना म्हणाली.