खाली वळलेली पाने

मित्रांनो, टोमॅटोच्या झाडाने दुसरा हिवाळा पाहावा, असे आमच्या जातीत क्वचितच घडते. मी तो पाहिला. आता माझे खोड लाकडासारखे झाले आहे आणि फळे धरलीच तर बोराएवढी धरतात. या वयात सांगण्यासारखी माझ्याजवळ एकच गोष्ट आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी एका धुलाईच्या दुकानात वाढले. पुढे काउंटर आणि मागे मोठी खोली. त्या खोलीत पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर, दोन हौद आणि चादरी वाळत घालायच्या दोऱ्या. दुकान नवरा-बायकोचे होते. नवऱ्याची म्हातारी आई बॉयलरजवळच्या खुर्चीत बसून उशांच्या खोळींच्या घड्या घालायची. तिनेच एकदा जेवताना टोमॅटोची बी साबणाच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि तो डबा खिडकीत ठेवला. मी उजेडाकडे वाकले, की ती डबा फिरवायची. "सरळ वाढ रे बाबा, वाकायला मी आहे!" असे म्हणून स्वतःच हसायची. येता-जाता माझ्या खोडावरून बोटे फिरवायची. स्पर्श झाला की आमचे खोड जाडसर होते. माझे खोड इतके टिकले, ते तिच्या बोटांमुळे.

झाडाला काय कळते, असे माणसे सहज म्हणतात. उजेड कोणत्या बाजूचा आहे, हे आमच्या शेंड्याला कळते. माती कुठे ओली आहे, हे मुळांना कळते. हवेत काही वावगे मिसळले, तर तेही समजते. पण आम्हाला हाक मारता येत नाही. जे सांगायचे, ते पानांनी सांगायचे. समोरच्याने वाचले तर वाचले.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. आईला गारठा सोसत नाही म्हणून मुलाने खिडकीच्या फटींमध्ये चिंध्या कोंबल्या. त्याच सुमारास बॉयलरच्या धुराड्यावरचे पक्ष्यांचे घरटे घसरून आतल्या नळीत अडकले. धूर बाहेर जाईना. बॉयलरची निळी ज्योत पिवळी झाली.

गॅस नीट जळला नाही, की त्यातून नाना वायू निघतात. त्यातला एक फळे पिकवणारा. त्याचा नुसता अंश हवेत असला, तरी आमच्या देठांची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि पाने खाली वळतात. त्याच्याच जोडीने दुसरा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. तो माणसाचा जीव घेतो.

माझी सगळी पाने मिटलेल्या छत्रीसारखी खाली आली.

"अहो, हे बघा ना," सून म्हणाली. "माती तर ओली आहे, मग पानं अशी का?"

"पाणी जास्त झालं असेल," नवरा चादरी पिळत म्हणाला.

"आणि ज्योत का पिवळी दिसतेय?"

"ही ऑर्डर जाऊ दे, मग बोलावतो कारागिराला. आता बॉयलर बंद करून कसं चालेल?"

सुनेला माझी दया आली. तिने मला उचलून पुढे काउंटरवर ठेवले. तिथले दार गिऱ्हाइकांमुळे सारखे उघडायचे. त्या मोकळ्या हवेत दोन दिवसांत माझी पाने वर उचलली.

"आई, तुमचं लाडकं सुधारलं हो!" तिने आत डोकावून सांगितले. "मागे त्याला कोंदट होत होतं."

"बरं झालं बाई," म्हातारी म्हणाली. "माझंही डोकं सकाळपासून जड आहे. मळमळतंय. वय झालं, दुसरं काय!"

"पडा थोडं. वारा लागायला नको, मी दार लोटून घेते."

आणि तिने मायेने मधले दार लोटले.

मुलगा ऑर्डर पोचवून दुपारी परतला आणि मागच्या खोलीत गेला. त्याची हाक मला काउंटरवर ऐकू आली. मग दार धाडकन उघडले, फरशी हादरली आणि आतली हवा माझ्या पानांवर आली. म्हातारी खुर्चीतच गेली होती. मांडीवर अर्धी घडी घातलेली खोळ होती.

नंतर कारागिराने नळीतून मूठभर काड्या ओढून काढल्या. सगळे निघून गेल्यावर मुलाची नजर माझ्यावर पडली.

"हे कसं जगलं?"

"मी इथे आणून ठेवलं होतं," बायको म्हणाली.

"का?"

तिची नजर मधल्या दाराकडे गेली. ती म्हणाली, "मागे कोमेजत होतं म्हणून."

तो मागे गेला आणि खिडकीच्या फटींतल्या चिंध्या ओढून काढू लागला. तिला दोष तरी कसा देणार? ज्योत तर त्यालाही दिसली होती.

आता खिडकी उघडी असते. सून मला पाणी घालते, पण माझ्याकडे बघत नाही. पाणी कधी कडेवरून सांडते, कधी देठावर पडते.

मित्रांनो, तुमच्या घरातले झाड अचानक मान टाकू लागले, तर त्याला जरूर मोकळ्या हवेत न्या. पण नेताना मागे वळून बघा. त्याच खोलीत आणखी कोण बसले आहे?