साखर नाचली त्या दिवशी

गोरेगाव पूर्वेला, आरेची हद्द सुरू व्हायच्या जरा अलीकडे, लवू परबचा तबेला होता. तबेला म्हणजे पत्र्याची लांबट शेड, पुढे मातीचं अंगण, आणि शेडच्याच टोकाला भिंत घालून काढलेल्या राहायच्या दोन खोल्या. शेडमध्ये तीन जनावरं. दोन तांबडे घोडे स्टुडिओत जायचे, कधी टांग्याला, कधी राजाच्या फौजेत उभे राहायला. तिसरी पांढरी घोडी, साखर. ती वरातीला जायची.

लवू कणकवलीकडचा. पोरवयात मुंबईला आला आणि स्टुडिओच्या घोड्यांकडे मोतद्दार म्हणून लागला. पुढे मालकाने धंदा मोडला तेव्हा दोन थकलेली जनावरं त्याच्याकडेच राहिली, आणि तिथून हे सगळं उभं राहिलं. बायको रुक्मिणी घोड्यांची चंदी भिजवायची, खोगिराची शिवण उसवली तर दाभण घेऊन बसायची. एकच मुलगी, सुलक्षणा. घरात सुली. ती पंधरा वर्षांची होती आणि नववीत शिकत होती.

साखरला नाचायला लवूनेच शिकवलं. वरातीचे बाकीचे घोडेवाले जनावराच्या पायांच्या नळ्यांवर काठी मारून शिकवत. लवूने रॉकेलचा रिकामा डबा वाजवून आणि गूळ भरवून शिकवलं. बाजा सुरू झाला की साखर मान वाकवायची, पुढचा एकेक पाय उंच उचलायची आणि असा ठेका धरायची की बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत लोक मुहूर्त धरायच्या आधी लवूला गाठत.

डबा वाजवायचं काम लहानपणी सुलीचं होतं. मग शाळेत कुणीतरी तिच्या शेजारी बसल्यावर नाक धरलं, आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर ती शाळेत जाताना अंग घासघासून धुवायची, आणि वरातीच्या वाटेला कधी गेली नाही. पण बसायला मात्र तिला साखरच लागायची. सकाळी आरेतल्या गवताळ पट्ट्यात ती घोडीला मोकळी सोडायची, आडव्या पडलेल्या झाडांवरून उडवायची. तिथे तिला बघायला गवळ्यांच्या म्हशींखेरीज कुणी नसायचं.

एकदा स्टुडिओत नायिकेच्या जागी घोडा पळवायला बाई मिळेना, म्हणून लवूने सुलीला उभं केलं. साडी नेसून, तोंडावर पदर घेऊन तिने साखरला असं काही पळवलं की कॅमेऱ्यामागची माणसंही काम थांबवून बघत राहिली. त्या दिवशी घोड्यांवर देखरेख करायला डेनिस सर आले होते. सर वाकोल्याचे. पोलिसांच्या घोडदळातून निवृत्त होऊन अंधेरीच्या एका क्लबात मुलांना घोडेस्वारी शिकवत होते.

"कुणी शिकवलं गं तुला?" त्यांनी विचारलं.

लवू चार पावलांवर खोगीर उतरवत होता.

"कुणी नाही," सुली म्हणाली. "अशीच शिकले."

लवूने वर बघितलं नाही.

"सव्वीस जानेवारीला आमच्याकडे मुलांची स्पर्धा असते," सर म्हणाले. "बाहेरच्यांना पण घेतो. ही घोडी घेऊन ये."

साल होतं पंच्याऐंशी. सरांनी तिला हेल्मेट दिलं, बूट दिले आणि एक आखूड छडी दिली. ती छडी बघून लवूने विचारलं, "ह्या कित्याक?"

"सगळ्यांच्या हातात असते, बाबा."

"साखरेक कित्याक व्हयी?"

"नुसती धरायची असते. मारत नाही कुणी."

स्पर्धेच्या दिवशी सुलीने साखरला धुतलं. आयाळीतले मणी काढले, कपाळावरचा लाल गोंडा काढला. शेपटीचं टोक मात्र मेंदीने रंगवलेलं होतं आणि साबण लावूनही ते जाईना. शेवटी तिने रुक्मिणीची कात्री आणली आणि शेपटीचा तो भाग कापून टाकला. अंगणात पडलेले तांबूस केस लवूने पाहिले. त्याने केरसुणी घेतली आणि ते बाजूला लोटले.

अंधेरीपर्यंत ती साखरवर आणि लवू पाण्याची बादली घेऊन बाजूने चालत, असे गेले. क्लबच्या फाटकाशी सुली खाली वाकून म्हणाली, "बाबा, तुम्ही आत नका येऊ हां. दोरीच्या बाहेरच राहा."

"आणि मी खंय रवू?"

"तिथे. झाडाखाली."

लवू झाडाखाली जाऊन उभा राहिला. त्याने गुडघ्यावर ठिगळ असलेली नेहमीची पँट घातली होती, पण सदरा धुतलेला होता.

मैदानात रंगवलेले बांबू आडवे लावून अडथळे केले होते. खुर्च्यांवर आईबाप बसले होते. रांगेत सुलीच्या पुढे अनुपमा नावाची मुलगी होती, तिच्याच वयाची, उंच काळ्या घोड्यावर. ती वळून छान हसली. "केवढी गोड आहे तुझी घोडी. कुठली?"

"आमचं फार्म आहे," सुली म्हणाली. "आरेला. तिथली."

"रेसची आहे?"

"हो. आता रिटायर आहे."

बोलून झाल्यावर तिने झाडाकडे बघितलं. लवू बादलीतल्या पाण्यावर आलेला पाला काढत होता. इतक्या लांबून त्याला ऐकू आलं नसणार, तरी तिचे कान गरम झाले.

तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. पहिला अडथळा साखरने असा ओलांडला की खुर्च्यांतून 'वा' आलं. दुसरा त्याहून सोपा गेला. तिसऱ्याकडे वळताना सुलीला वाटलं, आज आपण जिंकतो. तेवढ्यात फाटकातून उशिरा आलेल्या पाहुण्यांची गाडी आत शिरली, आणि त्यांच्या स्वागताला उभ्या असलेल्या शाळेच्या बँडने मोठ्या ढोलावर टिपरी टाकली.

साखर जागच्या जागी थांबली. तिने मान वाकवली. मग उजवा पाय उंच उचलला, ठेवला, डावा उचलला, ठेवला. ढोलाच्या तालावर ती मैदानाच्या मध्यभागी नाचू लागली.

सुलीने टाचा मारल्या. लगाम ओढला. लगाम ओढला की साखर मान जास्तच वाकवायची, ते तर तिला शिकवलेलंच होतं. आधी कुणाला काही कळलं नाही. मग एकजण मोठ्याने म्हणाला, "अरे, ही वरातीची घोडी आहे. नवरा कुठाय?"

सगळं मैदान हसलं. बायका तोंडावर रुमाल धरून हसल्या. मुलं टाळ्या वाजवत तालावर ओरडू लागली. बँडवाल्या पोरांना वाटलं, हा कार्यक्रमच आहे. त्यांनी ढोल आणखी जोरात वाजवला. रांगेत अनुपमाही हसत होती, आणि सुलीला दिसलं की ती हसू दाबायचा प्रयत्न करते आहे. तेच जास्त लागलं.

सुलीने छडी उचलली आणि साखरच्या मानेवर मारली. साखर दचकली, पण ढोल वाजतच होता, आणि ढोल वाजत असताना थांबायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती आणखी जीव लावून नाचली. सुलीने पुन्हा मारलं. कानामागे मारलं, तोंडावर मारलं. आपण काय करतोय ते तिला कळत होतं आणि हात थांबत नव्हता.

एक वार भलत्याच कशावर तरी बसला. तिने खाली बघितलं. लवू दोरीखालून आत आला होता. साखरच्या तोंडापुढे त्याने आपला हात आडवा धरला होता आणि धुतलेल्या सदऱ्याच्या बाहीवर छडीचा वळ उमटला होता.

"बस झाला गो बाय," तो घोडीला म्हणत होता. "बस झाला. बरा नाचलंस."

साखर थांबली. थरथरत तिने तोंड लवूच्या काखेत घातलं. मैदानातलं हसणं केव्हा बंद पडलं ते सुलीला कळलं नाही. डेनिस सर चालत आले. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "छडी दे." एवढंच. तिने दिली. हेल्मेटही काढून दिलं. सर काहीतरी रागाने बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

परतताना लवू लगाम धरून पुढे चालला आणि सुली मागून. हायवेवर ट्रकची धूळ उडत होती. लवूने एकदाच मागे वळून सांगितलं, "कडेन चल." घरी रुक्मिणी दारातच उभी होती.

"काय झाला?"

"झकास," लवू म्हणाला. "लोकांनी टाळयो वाजवल्यो."

तो हात धुवायला मोरीत गेला. रुक्मिणीने सुलीच्या तोंडाकडे बघितलं आणि आणखी काही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात गोरेगावातल्याच पहाडी गावात एक वरात होती. लवू साखरला नटवून घेऊन गेला आणि अपेक्षेपेक्षा खूपच लवकर परत आला. बाजा सुरू झाल्याबरोबर साखर अंग चोरून उभी राहिली होती. पाय उचलेना, पुढे जाईना, नुसती कापत राहिली. नवऱ्या मुलाला खाली उतरून मित्राच्या स्कूटरवर जावं लागलं, आणि मुलाच्या मामाने भर रस्त्यात लवूला नाही नाही ते ऐकवलं.

"खुरात खडो गेलो," लवूने रुक्मिणीला सांगितलं.

सुली आतल्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसली होती. तिने ते मिटलं. मग स्वयंपाकघरात येऊन तिने आईला सगळं सांगितलं. फार्म, रेसची घोडी, झाडाखाली उभा केलेला बाप, छडी. रुक्मिणी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"बापाशीक सांगलंस?"

"त्यांना माहीत आहे गं. ते तिथेच होते ना."

"ता न्हय. तू सांगलंस काय नाय?"

सुली शेडमध्ये गेली. लवू साखरचे पाय पुसत होता. खुरात खडा नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. बसायला तुम्ही शिकवलंत."

लवू फडकं पिळत राहिला.

"आणि साखर माझ्यामुळे नाचत नाही."

"हां," लवू म्हणाला. त्याने 'नाही' म्हणावं असं तिला किती वाटत होतं ते तो 'हां' म्हणाल्यावर तिला कळलं.

"विसरेल का ती?"

"घोडा इसरणा नाय." त्याने भिंतीवरचा खरारा काढून तिच्या हातात दिला. "समोरसून ये. पाठसून नको."

ती समोरून गेली. साखरने तोंड वर केलं, डोळ्यांचं पांढरं दिसू लागलं, आणि ती दोर ताणेपर्यंत मागे सरकली. ज्या घोडीच्या पोटाखालून सुली लहानपणी रांगत गेली होती, ती घोडी तिच्यापासून लांब जात होती. सुलीला तिथून पळून जावंसं वाटलं. पण लवू दारात आडवा बसून विडी पेटवत होता, त्यामुळे तिला जाता आलं नाही.

ती रोज जाऊ लागली. गूळ हातावर घेऊन उभी राहायची. साखर लवूच्या हातचा गूळ खायची, तिच्या हातचा नाही. डबा वाजवून बघितला, तर साखर शेडच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली. सुलीने तो डबा मागच्या गवतात भिरकावून दिला.

लोकांना लवू आता आधीच सांगून टाकायचा, घोडी नाचत नाही, नुसती चालते. बरेचजण दुसरीकडे गेले. जे आले त्यांच्या वरातीला सुली स्वतःहून निघाली. पहिल्यांदा निघाली तेव्हा लवूने तिला दोनदा विचारलं, "येतलंस नक्की?" ती साखरच्या डाव्या बाजूला, लवू उजव्या बाजूला. गोरेगाव स्टेशनजवळच्या बाजारातून वरात जाताना शाळेतल्या दोन मुली सरबताच्या गाडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींना कोपर मारलं. सुलीची मान खाली गेली. मग बाजेवाल्याचा ढोल कडाडला, साखर लवूच्या अंगाकडे दबली आणि कापू लागली. त्या मुली बघतायत हे सुली विसरली. "इथेच आहे मी," ती घोडीला म्हणाली, आणि म्हणताना तिला लाज वाटली, कारण साखर भीत होती ती तिलाच.

पावसाळा संपता संपता एकदा साखरने तिच्या हातावरचा गूळ खाल्ला. सुलीने श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. साखरने तळवा चाटूनपुसून साफ केला आणि आणखी आहे का म्हणून बोटं हुंगली. सुलीला हसू आलं. डोळ्यांवर आलेले केस मागे सारायला तिने हात वर केला, आणि साखरने झटकन तोंड फिरवून डोळे मिटून घेतले.

सुलीने हात तसाच सावकाश खाली आणला. पलीकडे तांबड्या घोड्याला खरारा करणारा लवू हे बघत होता.

साखर पुन्हा कधी नाचली नाही. पुढच्या वर्षी ती बाज्यामागून नीट चालू लागली, मग सुलीला पाठीवर घेऊन आरेत पळू लागली, अगदी पूर्वीसारखी. पण तिच्याजवळ उभी असताना झूल काढायला, आयाळ विंचरायला, दोरीवरचं फडकं घ्यायला हात वर करायचा झाला, की सुली आधी सांगायची, "साखर, हात वर करतेय हां." मग थोडं थांबायची, आणि मगच करायची.