भरून आलेला डबा

डबा पहिल्यांदा भरून आला तेव्हाच सुमित्राबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती.

तसा तो साधाच स्टीलचा डबा. झाकणावर ‘सौ. सुमित्रा एकनाथ दाणी, १९७१’ असं टिंबाटिंबांनी कोरलेलं. २००६ च्या जानेवारीत त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी लेकीकडे, टेक्सासात फ्रिस्कोला आल्या, त्या हा डबा बेसनाच्या लाडवांनी भरूनच. पुढच्याच आठवड्यात जावई कामावर निघाले, तेव्हा बाईंनी उरलेल्या लाडवांसकट तो त्यांच्या बॅगेत घातला. जावई, म्हणजे विवेकराव, हेलिकॉप्टरचे पायलट. आधी आपल्या नौदलात होते, मग इकडे लुइझियानाच्या किनाऱ्यावर, आणि गेली दोन वर्षं नायजेरियात. तिथल्या तेलाच्या विहिरींवर माणसांची ने-आण करायची. अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस दिवस घरी.

फेब्रुवारीत ते परत आले आणि त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. बाईंनी झाकण उघडलं तर आत लोकरीची टोपी. विटकरी रंगाची, पाच वर्षांच्या नातीच्या, सईच्या, अगदी मापाची. डबा असा घासलेला की तुपाचा वाससुद्धा शिल्लक नव्हता.

"हे कुणी दिलं हो?"

"आहे एक ओळखीचं तिकडे. लाडू फार आवडले," बुटांच्या नाड्या सोडता सोडता विवेकराव म्हणाले. "म्हणे डबा रिकामा कसा परत करायचा."

बाईंनी झाकण पुन्हा लावलं. रिकामं भांडं परत करू नये हे पुरुषमाणसाला सुचत नाही. एकनाथरावांना चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही सुचलं नव्हतं. शेजारची वाटी ते रिकामीच नेऊन द्यायचे आणि वर पुन्हा मागून आणायचे.

सईने टोपी घातली, डोकं खाजवलं, "आजी, इट्स इची," म्हणत काढून फेकली आणि परसातल्या झोपाळ्याकडे पळाली. झोपाळा विवेकरावांनीच ओकच्या फांदीला बांधला होता, नौदलातली गाठ मारून. ती गाठ सोडवून दाखवा, अशी त्यांची सगळ्यांशी पैज असे.

बाईंनी टोपी उचलून चष्म्यापुढे धरली. विणकामात त्यांचा हात पन्नास वर्षांचा. काठाकडचे टाके इतके आवळलेले होते की सुईचं टोक शिरलं नसतं. वरचा अर्धा भाग मात्र मऊ, मोकळा. लोकर तीच, सुया त्याच, हातही तोच. मग हे असं का? दोन ठिकाणी बसून विणलं असावं, दोन मनांनी. एकदा चोरून, एकदा निवांत.

त्या दिवसापासून त्या जावयाकडे डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या. आणि बघायला लागलं की दिसतंच. महिनाभर आफ्रिकेत राहून आलेला माणूस रापलेला हवा. हे उलट पांढरेफटक. झोपताना खोलीशेजारच्या बाथरूमचा पंखा चालू लागायचा, कसलीतरी घरघर असल्याशिवाय झोपच यायची नाही म्हणे. गाडी ड्राइव्हवेत कधी सरळ लावायचे नाहीत. उलटी आत घ्यायची, तोंड रस्त्याकडे. निघायचं झालं तर क्षणात निघता यावं अशी.

"गिरिजा, हे गाडी अशी का लावतात गं?"

"सवय आहे त्याची, आई. तू पण ना." गिरिजा लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाली. "त्याच्या तिकडच्या कॅम्पवर मस्त आहे सगळं. स्विमिंग पूल आहे, जिम आहे, मेसमध्ये कुक आहे. मीच म्हणते, मला घेऊन चल, इथलं ऑफिस सोडते."

स्विमिंग पूल असताना माणूस पांढरा कसा राहतो, हे मात्र तिने विचारलं नव्हतं.

बाईंना तेलाच्या वसाहती नव्या नव्हत्या. एकनाथराव ड्रिलिंगवर होते; आसामात शिवसागरच्या बाजूला त्यांनी अकरा वर्षं काढली होती. पंधरवडा रिगवर, पंधरवडा घरी. बायका व्हरांड्यात उन्हाला बसून विणत असायच्या. त्यांच्यात शुभा होती, नागपूरची, खळखळून हसणारी. तिचा नवरा रिगवरून आला की त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं नीट शिवलेली असायची. शुभा शिवायची ती काळ्या दोऱ्याने, आणि ही असायची पांढऱ्या दोऱ्याने. वसाहतीतल्या प्रत्येक बाईला ते दिसलं होतं. दिब्रुगडला त्याचं दुसरं घर आहे हेही सगळ्यांना कळलं होतं. शुभाला मात्र ते सात वर्षांनी कळलं. त्या दिवशी ती सुमित्राबाईंच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली होती, "तुला माहीत होतं ना?" आणि उत्तराची वाट न बघता गेली. पुढे पत्र नाही, काही नाही. ते दार आणि तो प्रश्न बाई तीस वर्षं विसरल्या नव्हत्या.

एप्रिलमध्ये डबा दुसऱ्यांदा भरून आला. या वेळी मोज्यांची जोडी, राखाडी, टाचेला दुहेरी विणलेली.

"तुमच्यासाठी आहेत, आई."

"मला ओळखते वाटतं ती?" बाईंनी ‘ती’वर जोर देऊन विचारलं.

विवेकरावांचा फोन वाजला आणि ते बोलत परसात गेले. बाईंनी मोजे उलटे करून पाहिले. पुन्हा तेच. पंजाकडचा भाग दगडासारखा घट्ट आणि घोट्याकडचा लोण्यासारखा मऊ. सासूसाठी मोजे. धीटपणा तरी किती.

मे महिन्यात विवेकरावांच्या निघण्याच्या आदल्या दिवशी गिरिजा ऑफिसला गेली होती आणि सई शाळेत. बाई लाडू वळत होत्या. विवेकराव चहाचा कप घेऊन समोर बसले.

"आई, या वेळी जरा जास्त द्या. पहिल्याच आठवड्यात संपतात."

"लाडू इथेच राहतील," बाई हातातला लाडू ताटात ठेवत म्हणाल्या. "डबाही. तुमच्या त्या बाईला सांगा, सुमित्राबाईंच्या पायांना पुण्याचे मोजे आहेत."

विवेकराव हसले, आणि मग बाईंचा चेहरा बघून हसायचे थांबले.

"कुठली बाई?"

"ते तुम्ही सांगायचं. मी आज संध्याकाळी गिरिजाशी बोलणार आहे. तुमच्या पाठीमागे बोलले असं नको, म्हणून आधी तुम्हाला सांगतेय."

"आई, तो पुरुष आहे. साठीचा आहे, टक्कल आहे त्याला. मर्डो नाव. स्कॉटलंडच्या वरच्या कुठल्याशा बेटावरचा. मी घरी असतो तेव्हा माझ्या खोलीत तो असतो. एकच खोली, एकच पलंग. मी कॅम्पवर पोचतो त्याच गाडीने तो निघतो. फाटकात पाच मिनिटं भेटतो आम्ही, तेवढ्यात डबा त्याच्या हातात देतो. तो लाडू घरी नेऊन खातो आणि महिन्याने माझ्या बदलीला येताना डबा भरून आणतो."

"आणि विणतो कोण? त्याची बायको?"

"तोच. त्याच्या आईने शिकवलंय. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हेही तिचंच."

गोष्ट इतकी विचित्र होती की खोटी असावी असं वाटेना. पण बाई चिवट. त्या हात धुऊन मोजे घेऊन आल्या आणि ते टेबलावर पसरले.

"मग हे सांगा. हा वरचा भाग त्याने घरी विणला, निवांत. पटलं. हा खालचा तुमच्या कॅम्पवर. तिथे पूल आहे, जिम आहे, कुक आहे. मग तिथे विणताना हा माणूस घाबरलेला का आहे?"

विवेकरावांनी कप खाली ठेवला.

"हे तुम्हाला लोकरीवरून कळलं?"

"आमच्या रिगवर आग लागली होती, तेव्हा पाच दिवस एकनाथरावांचा निरोप नव्हता. त्या पाच दिवसांत विणलेला स्वेटर नंतर त्यांच्या डोक्यातून खाली जाईना. हात मनाचं ऐकतात, विवेकराव."

विवेकरावांनी मोजे जवळ ओढले. मग खाली बघून सांगू लागले. पूल आहे, पण बाहेरच्या भिंतीला लागून, म्हणून तिकडे कुणी जात नाही. जानेवारीपासून तेलाच्या माणसांना पळवून नेण्याचे प्रकार वाढलेत. पूर्वी संध्याकाळी बाजारात, क्लबात जायचे. आता फाटकाबाहेर पाऊल नाही. खिडकीवर पोलादी पत्रा ठोकलाय, दिवसभर ट्यूबलाइट. बाहेर जनरेटरची अखंड घरघर. विमानतळापर्यंत पुढेमागे बंदूकवाल्यांची गाडी, रस्ता रोज वेगळा. भोंगा झाला की सगळ्यांनी आतल्या एका लोखंडी दाराच्या खोलीत जाऊन बसायचं, कधी तासभर, कधी दिवसभर. कुणी पत्ते खेळतं, कुणी तेच तेच सिनेमे बघतं. मर्डो विणतो.

"आणि गाडी उलटी लावायची तिथलीच सवय."

"हो."

"गिरिजाला यातलं काय माहीत आहे?"

"पूल." ते कसनुसं हसले. "सांगू नका, आई. ती मला जाऊ देणार नाही. आणि मी गेलो नाही तर मर्डो अडकतो. माझी गाडी आत आल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही."

हे मात्र बाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. बदली माणूस न आल्यामुळे दिवाळीत रिगवर अडकलेले एकनाथराव त्यांना आठवले. त्या पुन्हा लाडू वळायला बसल्या. एक वळला, दोन वळले.

"ही एक खेप गप्प बसते," त्या म्हणाल्या. "डबा भरून आला तर तुमचा मर्डो धड आहे आणि तुम्हीही धड आहात असं समजेन. रिकामा आला किंवा आलाच नाही, तर त्याच दिवशी गिरिजाला सगळं सांगेन. मग माझ्यावर रागवायचं नाही."

"कबूल," विवेकराव म्हणाले. आणि फार लवकर म्हणाले, असं बाईंना वाटलं.

जूनमध्ये ते नऊ दिवस उशिरा आले. बदली माणसाच्या व्हिसाची काहीतरी भानगड झाली, असं गिरिजाला फोनवर सांगितलं होतं. गिरिजाने कंपनीला चार शिव्या घातल्या आणि विषय सोडला. आल्या आल्या विवेकराव आंघोळीला गेले, ती सईला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली. डबा ओट्यावर होता.

बाईंनी तो उचलला. जड लागला; रिकामा नव्हता. पण काठाशी मोठा पोचा पडला होता, झाकण नीट बसत नव्हतं. पस्तीस वर्षांत त्या डब्याला पोचा पडला नव्हता. आसामातून पुण्याला ट्रकमधून आला तेव्हासुद्धा नाही.

आत मफलर होता, निळा. खाली बदामाची दोन पाकिटं, वजनाला. बाई खिडकीशी गेल्या आणि मफलर बोटांखालून सरकवू लागल्या. पहिली चार बोटं घट्ट, कॅम्पवरची. मग वीतभर मऊ, घरची. तिथवर मर्डो होता. त्यांचा जीव भांड्यात पडणार, तोच बोटं थांबली.

पुढे तिसराच हात होता. टाके पिळलेले, मधेच दोन गळालेले, काठ वेडावाकडा. शाळेतल्या मुलीने पहिल्यांदा विणावं तसं. आणि शेवटी टाके बंदच केले नव्हते. सगळ्यांतून धागा ओवून गाठ मारली होती. बाईंनी ती गाठ नखाने सोडवून पाहिली. सुटली नाही. त्यांनी खिडकीतून परसात बघितलं. ओकच्या फांदीला तीच गाठ होती.

विवेकराव डोकं पुसत स्वयंपाकघरात आले.

"टॅक्सीत पडला डबा. सॉरी, आई."

"मर्डो कुठे आहे?"

त्यांनी मफलरकडे पाहिलं, गाठीवर ठेवलेल्या बाईंच्या बोटाकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसले.

"माझ्या बदलीला येत होता. विमानतळाच्या रस्त्यावर गाडी अडवली. त्याला आणि आणखी एकाला घेऊन गेले. सामान रस्त्यावर फेकलं होतं, गार्ड ते उचलून कॅम्पवर घेऊन आले. त्याच्या बॅगेत डबा होता. मफलर सुयांवरच होता, अर्धा."

"जिवंत आहे?"

"कंपनी म्हणते, आहे. बोलणी चालू आहेत." त्यांनी टॉवेल गुडघ्यावर घडी करून ठेवला, पुन्हा उलगडला. "मी नऊ दिवस त्या खोलीत बसून होतो. वाटलं, हा पूर्ण केला तर... काय वाटलं ते सांगता येत नाही. आणि तुम्हाला शब्द दिला होता, डबा भरून येईल."

"जुलैत पुन्हा जायचं आहे?"

"मर्डोच्या जागी नवा माणूस पाठवलाय. चोवीस वर्षांचा आहे. मी गेलो नाही तर तो..."

वाक्य पुरं झालं नाही. बाहेर गराजचं दार घरघरत वर जायला लागलं होतं. सईचा आवाज आला, काहीतरी गुणगुणणारा. विवेकरावांनी मफलर उचलायला हात पुढे केला.

"आई, प्लीज. मर्डो सुटेपर्यंत तरी. मग मीच सांगेन."

माणूस चांगला होता. आता त्यात शंका उरली नव्हती, आणि म्हणूनच गप्प बसणं सोपं होतं. शुभाच्या वेळीही सोपंच होतं. बाईंनी मफलरवरचा हात काढला नाही. दुसऱ्या हाताने पोचा पडलेला डबा टेबलाच्या मधोमध सरकवला.

गिरिजा आत आली, ओली पिशवी एका खांद्यावर, गाडीची किल्ली तोंडात. दोघांना असं समोरासमोर बसलेलं बघून तिने किल्ली हातात घेतली.

"काय झालं?"

"सईला टीव्ही लावून दे आणि इथे येऊन बस," सुमित्राबाई म्हणाल्या. मग जावयाकडे वळल्या. "विवेकराव, तुम्ही सांगता, की मी सांगू?"